कांबळ्यासाठी मागे फिरलेला चोर

जर्मनीत, कार्ल्सरूहेतल्या जर्मनच्या वर्गात मी गप्प बसायचे. विचारल्याशिवाय बोलायचं नाही ही इंग्रजी शाळेतली सवय. शेवटी बाईंनी बजावलं, "वर्गासमोर एका विषयावर बोलून दाखवा, नाहीतर परीक्षेला पाठवणार नाही." आणि ती परीक्षा दिल्याशिवाय माझी नोकरी कायम होणार नव्हती.

मी लंडनचा तीनशे वर्षांपूर्वीचा एक चोर निवडला. सुतारकाम शिकलेला, अंगाने किरकोळ. चारदा कैदेतून निसटला आणि लोकांचा लाडका झाला. मला तो आवडायचं कारण वेगळं होतं, ते मी वर्गात सांगणार नव्हते. तो बोलताना अडखळायचा.

सुरुवात बरी झाली. मग मला म्हणायचं होतं, त्याने स्वतःला कधीच शिपायांच्या हवाली केलं नाही. 'हवाली करणे'चं मनातल्या मनात जर्मन केलं आणि म्हणाले, "एर हाट झिश नी उबरगेबेन." वर्ग हसला. मला वाटलं, चोर आवडला. म्हणून तेच वाक्य पुन्हा, जरा जोरात म्हटलं.

पहिल्या रांगेतली पुण्याची ताई कुजबुजली, "अगं, त्याला कधी उलटी झाली नाही असं सांगतेयस तू!"

मी तशीच बाहेर पडले. ट्रामच्या थांब्यावर थंडी वाजली तेव्हा लक्षात आलं, जॅकेट खुर्चीवरच राहिलं, घराची किल्लीही त्यातच.

शेवटच्या खेपेला तो चोर तुरुंगाच्या छपरावर पोचला, पण खाली उतरायला काही नव्हतं. तेव्हा फोडलेल्या सगळ्या दारांतून तो उलटा कोठडीत गेला आणि अंथरुणातलं कांबळं घेऊन आला. हे तर मी सांगितलंच नव्हतं.

वर्गात शिरले, तर सगळे बसलेलेच.

"आलीस? पुढे काय झालं त्याचं?" ताईने विचारलं.

"जॅकेट न्यायला आलेय."

"ने की. पण आधी सांग."

जॅकेट छातीशी धरून मी कांबळ्याची गोष्ट सांगितली. अडखळत, क्रियापदं भलत्याच जागी टाकत. शेवटी तो पकडला गेला आणि त्याला फाशी झाली, तेही सांगितलं.

"आल्झो, तर मग," बाई म्हणाल्या, "शरण गेला का तो?"

"नाही. आणि उलटीही झाली नाही."

या वेळी मीच त्यांना हसवलं होतं. बाई डोळे पुसत म्हणाल्या, "परीक्षेला जा तुम्ही."

ट्रामची वाट बघताना ताई म्हणाली, "परीक्षेच्या दिवशी जॅकेट माझ्याकडे दे हं. पळालीस तरी परत येशील."