आईचा मोडलेला खुबा आणि आमचा लाल कोबा

"इंटरट्रोकॅन्टेरिक फ्रॅक्चर," एक्स-रे उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले. माझा चेहरा पाहून त्यांनी सोपं करून सांगितलं, मांडीचं हाड वर खुब्यापाशी मोडलंय. मग विचारलं, "कुठे पडल्या?"

"इहिरीवर," आईनं माझ्याआधी उत्तर दिलं. "पाय सरकला, दुसरं काय न्हाय."

सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही भाईंदरजवळच्या एका गावात राहत होतो आणि मी मुंबईत कारखान्यात फिटर होतो. आईनं उभं आयुष्य मिठागरात काढलं. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन ती ओल्या, निसरड्या बांधावरून चालायची, पण कधी पडली नाही. अशी बाई रोजच्या विहिरीवर पडली याचं मला नवल वाटलं. तरी वय झालं असं म्हणून मी गप्प बसलो. तुमच्या घरी असं झालं तर एवढ्यावर गप्प बसू नका.

आईला ट्रॅक्शन लावलं. म्हणजे पायाला पट्ट्या चिकटवतात, दोरी कप्पीवरून सोडतात आणि तिला वजनं टांगतात. त्या ओढीनं हाड जागेवर राहतं. अडीच महिने आई कॉटवर उताणी पडून होती. मी ड्युटी सुटली की जायचो आणि भेटीची वेळ होईपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसायचो. आत गेलो की ती माझ्याच जेवणाची चौकशी करायची. तिची पाठ सोलवटलीय हे मला नर्सकडून कळलं.

घरी सोडायच्या आधी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "हाड जुळलंय. पण पुन्हा पडल्या तर चालणं विसरा. पडल्या होत्या ती जागा आधी नीट करा."

मी तसा हौशी माणूस. रविवारी विहिरीभोवतीचं शेवाळ खरवडलं, खडबडीत दगड बसवले, धरायला लोखंडी पाइप रोवला. घरी आल्यावर आईनं ते सगळं बघितलं आणि "ब्येस केलंस" म्हणाली.

मग तिला आत नेलं. ओटी शेणानं सारवलेली होती, तिथे ती काठी टेकत ठीक चालली. स्वयंपाकघराच्या दारात मात्र थांबली. तिथे मी त्याच वर्षी लाल सिमेंटचा कोबा करून घेतला होता, गावातला पहिला. गवंड्याकडून इतका घोटून घेतला होता की त्यात कंदील दिसायचा. आईनं एक पाऊल टाकलं आणि माझ्या दंडात बोटं रुतवली. दुसरं पाऊल ती टाकेना.

मी माझ्या बायकोकडे, सुमनकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. "इथंच पडल्या होत्या. मला शपथ घातली होती त्यांनी."

"तू किती हौसेनं केलंस, बाला," आई म्हणाली. "लोकं बघायला यायची. कसं सांगू?"

बाहेरून आलं की पाय धुवायचे आणि ओल्या पायांनी आत यायचं, ही तिची जन्माची सवय. सारवलेली जमीन ते पाणी पिऊन टाकायची. माझ्या कोब्यावर ते तसंच राहायचं. मला फार शरम वाटली. अडीच महिने ती माझी हौस जपत पडून होती, आणि मी विहिरीवर पाइप रोवत होतो.

त्याच आठवड्यात पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई गावात आली. पाटा झिजून गुळगुळीत झाला की ती छिन्नीनं त्यावर टिचे पाडून द्यायची. मी तिला कोबा दाखवला.

"जमिनीला टाकी?" ती हसत सुटली.

"पाट्याला लावतेस तशीच."

दोन दिवस ती ठोकत होती. शेजाऱ्यांनी मला वेड्यात काढलं. मी दाराशी पाय पुसायला गोणपाट टाकलं आणि भिंतीला हाताच्या उंचीवर बांबू ठोकला. आई त्या बांबूला धरून चुलीपर्यंत जायला लागली, मग हळूहळू नुसत्या काठीवर.

महिन्याभरानं एका सकाळी तिनं मोरीतून हाक मारली. "बाला, ही तुझी पायरी जास्ती उंच हाय. पाय अडकतो. कमी कर."

पायरीही मीच हौसेनं बांधली होती. मी छिन्नी-हातोडा घेऊन तिथेच बसलो. पायरी फोडता फोडता मला रडू आलं. आई आता मला खरं सांगायला लागली होती.