पांढऱ्याला पांढरा दोरा

रफूवाल्या बुवांना गर्व दोनच गोष्टींचा, आपल्या सुईचा आणि आपल्या डोळ्यांचा. हृदयाने दगा दिला तेव्हाही डॉक्टरांना म्हणाले, काय द्यायच्या त्या गोळ्या द्या, पण दुकानात बसू द्या. गोळी लागू पडली, धाप कमी झाली. पण ती गोळी भारी खोडसाळ. अंगात जास्त साठली की जगच पिवळट दिसायला लागतं. म्हणून अधूनमधून डोळे तपासून घ्यायचे. बुवा दरवेळी कुरकुरत जायचे. यांच्या डोळ्यांची परीक्षा घेणार कोण, तर दवाखान्यातली ती जाड चष्म्याची पोर!

या खेपेला तिने रंगीत सोंगट्यांचा ट्रे पुढे सरकवला. रंगाशेजारी मिळता रंग ठेवत ओळ लावा म्हणाली. बुवांना हसूच आलं. जन्मभर दुसरं केलं काय? ओळ लावली. पोरीने सोंगट्या उलटून खालचे आकडे दाखवले, ते क्रमाने नव्हतेच. इथला उजेडच मेला खोटा, असं म्हणत बुवा ट्रे घेऊन थेट खिडकीशी गेले, गिऱ्हाइकाचा कोट दारात नेतात तसे. तिथे पुन्हा ओळ लावली, तरी तेच. मग मात्र खुर्चीत बसले ते गोणी टाकावी तसे.

डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? परवापासून असेल, बुवा पुटपुटले. कोपऱ्यात बायको पिशवीचा बंद पिळत होती.

"थंडीपासून," ती म्हणाली. "पांढऱ्या शर्टाला मलई रंगाचा दोरा काढता. सुईत ओवताना मी गुपचूप बदलते."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"दम तर गेलाच होता तुमचा. म्हटलं, नजरेचा तोरा तरी राहू दे."

आता हिचं कौतुक करावं की कान पिळावा? डॉक्टरांना जे कळायला हवं, नेमकं तेच बाईने रफू करून टाकलेलं. रक्त तपासलं, गोळी काही दिवस बंद झाली. पुढे कमी करून देणार होते. रंग बहुधा परत येतील, पण वेळ लागेल. बुवांनी नुसती मान हलवली. आनंद करायलाही अंगात बळ लागतं.

आता दुकान उघडलं की बुवा दोन रिळं बायकोपुढे धरतात आणि त्यातलं पांढरं कोणतं ते सांगतात. चुकलं तर चुकलं म्हणायचं, एवढीच तिला शिक्षा. आणि ती तिला फार जड जाते.

"नाही हो," काल ती म्हणाली.

बुवांनी रीळ खाली ठेवलं, डोळे चोळले आणि सुई तिच्याकडे सरकवली.

"ओव मग. पण डॉक्टरांना सांग."