मनोऱ्यातली घाण

अमेरिकेत, आयोवातल्या एका काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जुन्या दगडी कोर्टाची झाडलोट करण्यात ओडिलिया क्रांझचा जन्म गेला. लक्झेंबर्गहून आलेल्या तिच्या पणजोबानं इतर गवंड्यांबरोबर खाणीतला पिवळा दगड बैलगाड्यांवर लादून आणला होता आणि शेजारच्या गावाच्या नाकावर टिच्चून हे कोर्ट उभं केलं होतं. तिला त्याचं फारसं कौतुक नव्हतं. जिना पुसताना ती पणजोबाला शिव्याच घालायची, एवढ्या पायऱ्या कशाला केल्यास म्हणून.

त्या वसंतात तिनं कोर्टावरच्या घड्याळाच्या मनोऱ्याचं दार उघडलं आणि ती दोन पावलं मागे सरली. घड्याळाखाली घोटाभर कबुतरांची विष्ठा, त्यात फुटकी अंडी, मेलेली पिल्लं, वळवळणाऱ्या अळ्या. तोंडाला फडकं बांधून तिनं बादल्यांवर बादल्या खाली नेल्या आणि खिडक्यांना खिट्ट्या घातल्या. आठवड्याभरात खिडक्या पुन्हा सताड उघड्या. खिट्ट्या कुणीतरी उपटून नेलेल्या.

मनोऱ्याची दुसरी किल्ली होती लॅम्बर्टकडे. तो तिच्या धाकट्या बहिणीचा, लिओनीचा नवरा आणि काउंटीच्या मंडळाचा सभासद. रविवारी चर्चनंतर ओडिलिया त्यांच्याकडेच जेवायची. भाजलेलं डुक्कर आणि आंबवलेला कोबी पानात पडल्यावर तिनं सरळ विचारलं, "खिडक्या तू उघडल्यास?"

"मग?" तो चावत चावत म्हणाला. "इमारत धडधाकट असली तर पाडायला लोक हो म्हणतील का? आता तपासनीस येईल, नाक दाबेल, 'धोकादायक' म्हणून लिहून जाईल. नवीन कोर्ट होईल. तुलाही बरंच की, जिने नाहीत."

"आणि ती घाण मी उपसत होते."

"उपसायला सांगितलं कुणी होतं, मेहुणीबाई?"

लिओनी मान खाली घालून बटाटे वाढत राहिली. तो हसला, तेव्हा त्याच्या हनुवटीवरून चरबीचा ओघळ उतरला. अळ्या पाहून आली नव्हती एवढी शिसारी ओडिलियाला त्या हनुवटीची आली. तोंडातला घास तिनं रुमालात थुंकला आणि ती उठून गेली.

मंडळाच्या सभेत तिनं सगळं सांगितलं. कुणी घसा खाकरला, एकानं तिच्या सेवेबद्दल आभार मानले. कुणालाच नवल वाटलं नाही. सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं, हे तिला तेव्हा कळलं. हात वर झाले, कोर्ट पाडायचा ठराव मंजूर.

पानगळीच्या दिवसांत कोर्ट पाडलं. मग लॅम्बर्ट एक दगडाचा तुकडा घेऊन तिच्या दारात आला. त्यावर पितळी पट्टी होती: 'आमच्या कष्टाळू पूर्वजांच्या स्मरणार्थ.'

"घे, आठवण."

"तुझ्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही," असं म्हणून तिनं दार लावलं.

नव्या कोर्टात ती कामाला गेली नाही. रविवारी आता लिओनी एकटीच येते, ॲपल पायची ताटली घेऊन. एकदा तिनं नवऱ्याची बाजू घ्यायला सुरुवात केली.

"ताटली ठेव टेबलावर," ओडिलिया म्हणाली, "आणि तो विषय माझ्या घरात नको."