फ्योक्लाची बिनचेहऱ्याची फळी

"तुझ्या सगळ्या देवमातांची दाढ दुखतेय की काय रे, पारफ्योन? सासूला समोर बसवून काढतोस वाटतं?"

गूरी असं म्हणाला आणि शहरातून आलेल्या व्यापाऱ्यासकट सगळा कारखाना हसला. मी तेव्हा पोर होते. अंगात ताप होता म्हणून आईने मला भट्टीवरच्या उबदार कट्ट्यावर निजवलं होतं आणि ती खाली रंगासाठी अंडी फोडत बसली होती. आमच्या ओसोकीनो गावात अंड्यातलं पांढरं आम्ही खायचो, पिवळं संतांच्या अंगावर जायचं. आईसुद्धा हसली, आणि हसता हसता एक बलक तिने जमिनीवर सांडला.

पारफ्योन तेवढा हसला नाही. त्याने कुंचला पुसला, आडवा ठेवला.

"हसून झालं? गूरी, तुझ्या पोरीची फळी माझ्याकडेच आहे ना?"

"आहे की. कालच तर दिली."

"मागे माझी खूण केलेली पाहिलीस?"

"पाहिली. का?"

"का म्हणजे? आता ती तशीच राहणार."

गूरीला वाटलं, थट्टाच आहे. "किती दिवस रुसणार, बाबा?"

"आजचं विसरेपर्यंत. आणि माझी आठवण चांगली आहे. विचार गावात."

आमच्या गावात लाकडी फळ्यांवर संत रंगवायचे. पण एकच माणूस अख्खा संत रंगवत नसे. गूरीसारखे लोक कपडे काढायचे, डोंगर, घोडे, ढग काढायचे, आणि चेहऱ्याची नि हातांची जागा कोरी सोडून द्यायचे. तिथे पारफ्योनसारखे चेहरेवाले बसायचे. चेहरेवाला जेवायला टेबलाच्या वरच्या टोकाला, कपडेवाला दाराकडे, जिथे वारा येतो तिथे. चेहरेवाल्याने एकदा फळी घेऊन मागे सुरीने खूण कोरली, की त्याने ती स्वतः खोडल्याशिवाय दुसरा कुणी तिला कुंचला लावायचा नाही. भाऊसुद्धा नाही.

आणि ही फळी काही बाजारातली नव्हती. आमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या लांबीएवढी फळी कापतात, आणि ज्या संताचं नाव पोराला ठेवलं तो तिच्यावर काढतात. ती फळी जन्मभर घरच्या कोपऱ्यात, दिव्याखाली. लग्नात आशीर्वाद द्यायचा तो तीच डोक्यावर धरून, आणि मेल्यावर शवपेटीच्या पुढे चालते तीही तीच. दुसरी करून चालत नाही. माणूस एकदाच जन्मतं, एकदाच मोजलं जातं.

दुसऱ्या दिवशी गूरीच्या दाराला फळी टेकवून ठेवलेली होती. संत फ्योक्ला उभी, अंगात जांभळट लाल झगा, त्याच्या चुण्या अशा की वाटावं आत्ता वाऱ्याने हलतील. चेहरा कोरा. हात कोरे. पांढरीफटक जागा. मागे पारफ्योनची खूण, कावळ्याच्या पायासारखी.

गूरीने पाय धरले, वोदका नेली, बायकोला पाठवलं. पारफ्योन म्हणायचा, "अजून आठवतंय."

म्हणून मग पोरीचं नाव फ्योक्ला राहिलं फक्त चर्चमध्ये. गावात ती 'कोरी'. "ए कोरे, देव तुला ओळखतो का गं? तोंड नाही ना तुझ्या फळीला!" तिची आई तापाने गेली, तर फळीमुळे. गाय आटली, तर फळीमुळे. गूरी दारूत बुडाला, एका हिवाळ्यात घरी येता येता बर्फात विसावला तो तिथेच राहिला. तेही फळीमुळेच म्हणाले लोक. वोदकेचं नाव कुणी घेतलं नाही.

पोर एकटी उरली आणि गेली कुठे, तर पारफ्योनच्याच कारखान्यात, पाया घालायच्या कामाला. मी तिथे फळ्या घोटायचे. मी म्हटलं, "अगं, ह्याच्या दारात?" ती म्हणाली, "खूण त्याचीच आहे, मलाशा. रोज समोर दिसले तर कधीतरी खोडेल."

पाया म्हणजे काय, तर सगळं काही. वरचा देव लोक बघतात, खालचा पाया कुणी बघत नाही. माशाच्या पोटातल्या फुग्याचा सरस करायचा. तो भिजवायचा, मळायचा, मंद आचेवर ठेवायचा. उकळी आली की मेला. फळीवर सरसाने कापड बसवायचं, मग सरसात कालवलेल्या खडूचे हात, एकावर एक. खालचा वाळल्याशिवाय वरचा द्यायचा नाही. मग घोटायचं, अंड्याच्या कवचासारखं होईपर्यंत. फ्योक्ला दोन बोटांत सरस चिमटून बघायची आणि बोटं सुटताना जो आवाज यायचा त्यावरून सांगायची, झाला की नाही. तिचा सरस कधी सुटला नाही.

पारफ्योनला माशाचा वास सोसत नसे, म्हणून ती सरस आपल्या घरी करायची. रोज सकाळी जुन्या मेंढीच्या कातड्यात मडकं गुंडाळून गल्ली ओलांडायची, कारखान्याच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि म्हणायची, "गरम आहे, हात सांभाळा." मग कालचं रिकामं मडकं घेऊन परत.

दर ईस्टरच्या आधी ती विचारायची, "पारफ्योनकाका, माझी फळी?"

"गवत कापून होऊ दे."

गवत कापून व्हायचं. "काका?"

"आता बर्फ पडू दे, पोरी. चेहऱ्याला थंडीचा उजेड लागतो."

बर्फ पडायचा आणि वितळायचा. कारखान्यातले लोक कोबीचं सूप ओरपता ओरपता हसायचे. पारफ्योन त्यांना डोळा मारायचा. तो काही राक्षस नव्हता हं. माझ्या पोराच्या फळीवर त्याने काढलेला चेहरा इतका दयाळू आहे, की मला अजून कळत नाही तेवढी दया त्याने आणली कुठून.

मग झोसीम आला, पलीकडच्या गावचा, पिंपं बनवणारा. बायको मेलेली, हात मोठे, बोलणं थोडं. त्याला सरसाचा वास चालला. पण त्याची आई म्हणाली, "फळीचा आशीर्वाद झाल्याशिवाय मी पोरगी उंबऱ्याच्या आत घेणार नाही. आणि कोऱ्या फळीने आशीर्वाद म्हणजे शाप."

फ्योक्ला पारफ्योनपुढे गुडघ्यावर बसली. तिने बापासाठी माफी मागितली, तिच्या जन्माच्या वेळच्या एका विनोदासाठी. पारफ्योनने दाढी खाजवली.

"आण," म्हणाला. "दे फळी. लग्नाचं कारण आहे, नाही कसं म्हणू?"

ती धावत गेली. मी तिला धावताना तेव्हा एकदाच पाहिलं.

आशीर्वादाच्या दिवशी सकाळी त्याने स्वतः फळी आणून दिली, कापडात गुंडाळून, दोरीने बांधून. "वरचं जवसाचं तेल अजून चिकट आहे. उघडलंस तर धूळ बसेल आणि जन्मभर तोंडावर डाग राहतील. पाहुण्यांसमोरच उघड."

हे खरंच आहे. तेलाचा शेवटचा हात दिला की फळी झाकून ठेवावीच लागते. आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा कुणाच्या ओल्या फळीवरचं कापड उचलत नाही. फ्योक्लाने फळी छातीशी धरली, वास घेतला आणि मला म्हणाली, "मलाशा, तेलाचा वास नाही गं येत. सरसाचा येतोय." मग स्वतःच हसली. "माझ्याच हातांचा असेल. जातो कुठे तो?"

पाहुणे बसले. चहाचा समोवार तापला. पारफ्योन मानाच्या जागी, खिडकीजवळ. आई-बाप नव्हते म्हणून माझी आई फळी धरायला उभी राहिली. झोसीम आणि फ्योक्ला गुडघ्यावर बसले. आईने दोरी सोडली, कापड काढलं.

गूरीच्या त्या सुंदर लाल झग्यावर जत्रेतल्या विदूषकाचं डोकं होतं. लाल नाक, वाकडी टोपी, जीभ बाहेर. छापील चित्रातून कापून चिकटवलेलं. हातांच्या जागी त्याचेच हात, एकात अर्धवट खाल्लेलं धिरडं.

कुणीतरी फसकन हसलं. झोसीमची आई थुंकली, क्रूसाची खूण करत उठली, पोराची बाही धरली. झोसीम टोपी हातात घेऊन फ्योक्लाकडे बघत उभा राहिला, आणि मग बाही ज्या दिशेला गेली त्या दिशेला तोही गेला. वाईट नव्हता. आईचा होता, एवढंच.

पारफ्योनने चहाची बशी खाली ठेवली. "आता गं का रडतेस? चेहरा हवा होता ना? मिळाला की."

सगळे गेल्यावर तिने वाफेवर कागद सोडवायला घेतला. मी दिवा धरला होता. खळीने चिकटवलेला असता तर सुटला असता. पण पारफ्योनने तिचाच सरस वापरला होता, त्या दिवशीचा, ताजा. विदूषक निघाला तो खालचा पाया घेऊनच निघाला, कापडापर्यंत. चेहऱ्याच्या जागी भोक पडल्यासारखं झालं. तिने तुकडा उलटा करून पाहिला आणि म्हणाली, "सरस चांगला लागलाय."

दुसऱ्या सकाळी ती मडकं घेऊन निघाली. मी आडवी झाले. "अगं, आज तरी नको!" ती म्हणाली, "ठेवला तर नासेल." खिडकीच्या कट्ट्यावर मडकं ठेवलं. "गरम आहे, हात सांभाळा."

त्यानंतर तिने फळीचं नाव काढलं नाही. पारफ्योन मुद्दाम विचारायचा, "काय कोरे, ह्या वर्षी मागणार नाहीस?" ती कान नसल्यासारखी कामाला लागायची. तो हिरमुसायचा.

वर्षं गेली. मग शहरातून पत्र्यावर छापलेले संत यायला लागले. गुलाबी गाल, सगळे एकाच आईचे, पेटीभरून. त्यांना पाया नको, बलक नको, गूरीही नको आणि पारफ्योनही नको. कारखान्यात बाकं रिकामी होत गेली. पारफ्योनचे पाय सुजले, मग पोट सुजलं, आणि तो कारखान्याशेजारच्या आपल्या खोलीत अंथरुणाला खिळला. हात मात्र सकाळच्या वेळी अजून स्थिर होता.

मरणाच्या भीतीने त्याला असं धरलं की पाद्री गेर्मानबाबांना रोज बोलावणं. संताच्या अंगावर विदूषकाचं डोकं लावून वर जायचं, तिथे ती झगेवाली संत फ्योक्ला दारातच उभी असणार! गेर्मानबाबा म्हणाले, "मग काढ तिचा चेहरा. हात चालतोय तोवर काढ."

त्याने फ्योक्लाला बोलावलं. मी त्याच्या उशा बदलत होते.

"फळी आण, फ्योक्ला." कोरी म्हणाला नाही.

"कुठली, काका?"

"तुला माहीत आहे कुठली."

"तिचा पाया उखडलाय. नव्याने घालावा लागेल."

"मग घाल ना, बाई!"

"घालते."

दुसऱ्या सकाळी मडकं ठेवायला आली तेव्हा त्याने आतून हाक मारली, "झाला?"

"ओला आहे, काका."

त्याच्या पुढच्या सकाळी, "पाऊस आहे, वाळत नाही." मग, "अजून एक हात द्यायचाय."

"पातळ चालेल गं! कच्चा चालेल!"

"कच्च्या पायावरचा चेहरा सुटतो, काका. माझ्या बापाला तुम्हीच सांगायचात. शिव्या देऊन."

मी तिच्या घरी गेले. फळी कोपऱ्यात दिव्याखाली. संध्याकाळची वेळ, आणि फ्योक्ला पातं घेऊन सकाळचा हात खरवडत होती. खालचा पाया असा की त्यात दिवा दिसावा. आयुष्यात तिने इतका चांगला घातला नव्हता.

"अगं, ही तर तयार आहे!"

"आहे."

"मग?"

"उद्या सकाळी परत एक हात देईन."

गेर्मानबाबा रागारागाने स्वतः तपासायला गेले, अर्थात सकाळीच. फळीला बोट लावलं, बोट पांढरं झालं. "बघा, बाबा," ती म्हणाली, "मी खोटं कशाला बोलू?"

शेवटी पारफ्योनचा हातही थरथरायला लागला. तो रडत म्हणाला, "चेहरा नाही तर नाही. माझी खूण तरी खोडू दे. सुरी इथेच आहे. दोन रेघा मारतो, मग तू कुणाकडूनही काढून घे. तुझंच भलं आहे त्यात, फ्योक्ला. मी गेलो की खूण कुणाला खोडता येणार नाही. पोरी, तुझ्या शवपेटीपुढे काय न्यायचं?"

आणेल, मला वाटलं. आता तरी आणेल. ती दारात उभी होती, रिकामं मडकं पोटाशी धरून. मग म्हणाली,

"खूण मागच्या बाजूला आहे, काका. उलटी केली तर ओला हात ओघळेल."

दोन दिवसांनी तो गेला. सुरी गोधडीवरच होती. मिटलेली मूठ आम्ही दोघींनी मिळून उघडली.

परतताना मी तिला म्हटलं, "त्याचं झालं ते झालं. पण तुझं गं काय आता?"

"माझं काय व्हायचंय," ती म्हणाली. "पाया मात्र चांगला झालाय बघ."

त्यानंतर ती काही हिवाळे जगली. कारखाना पारफ्योनच्या पुतण्याकडे गेला. तो छापील पत्रे फळकुटांवर खिळ्यांनी ठोकायचा आणि विकायचा. खिळ्याला सरस लागत नाही. फ्योक्ला तरी रोज न्यायची आणि पुतण्याची बायको तो कुत्र्यापुढे ओतायची. कुत्रं मात्र चकाकत होतं.

बर्फ वितळायला लागला होता त्या दिवशी तिला खोकल्याने उभं राहवत नव्हतं. मी म्हटलं, "दे इकडे, मी ठेवून येते."

"तू सांडशील."

ती तिची शेवटची खेप. मडकं मेंढीच्या कातड्यात गुंडाळलं, चिखलातून वाट काढत गल्ली ओलांडली, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं. आत हातोडा चालू होता, कुणी मान वर केली नाही.

"गरम आहे, हात सांभाळा," ती म्हणाली, आणि कालचं रिकामं मडकं घेऊन परत फिरली.