शनवार तेल्याचं घड्याळ

मोर्देखाय वाकरुळकरच्या सात पिढ्या कोकणात तेलाचे घाणे फिरवून मेल्या. ते यहुदी; शनिवारी शब्बाथ, विश्रांतीचा वार, पाळून त्यांचा घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. खुद्द मोर्देखायने जन्मात घाण्याला हात लावला नव्हता. मुंबईच्या गिरणीत तो तागे मोजायचा. पण तेलाची गोष्ट निघाली की गडी असा बोले, जणू नारळ त्याला विचारून झाडाला लागतात.

बायको डेझीला घेऊन तो इस्राएलच्या वाळवंटात डिमोनाला आला आणि वर्षभर सरकारी कामावर उन्हात झाडं लावून कंबर मोडून घेतली. त्रेसष्टच्या उन्हाळ्यात कापडगिरणीत सहा महिन्यांची कच्ची नोकरी लागली. मुकादम शलोमो रुमानियाचा, तोंडात सदा विझलेली सिगारेट. "तीनदा उशीर झाला तर परत झाडं लावायला," त्याने पहिल्याच दिवशी बजावलं.

मोर्देखायची सगळी भिस्त मुंबईहून आणलेल्या जुन्या चावीच्या मनगटी घड्याळावर. ऑगस्टात ते वाळूने अडखळू लागलं. पण शनवार तेल्याने दोन थेंब तेलासाठी दुसऱ्याचं दार ठोठावायचं? छे. त्याने चाकूच्या टोकाने मागचं झाकण उघडलं आणि डेझीच्या बाटलीतलं खोबरेल काडीने आत सोडलं. घड्याळ झकास चाललं. "खानदानी हात आहे," असं आठवडाभर शेजारीपाजारी सांगून झालं.

डिसेंबरात उशाशी ठेवलेल्या घड्याळाने पहाटे तीनला मान टाकली, आणि गडी उशिरा पोचला. दुपारी मनगटावर ते आपलं पुन्हा टिकटिक करतंय. त्याने वाळूला शिव्या दिल्या, देशाला दिल्या, घड्याळ टेबलावर आपटलं. आठवड्याने पुन्हा तेच. दोन उशीर झाले.

तिसऱ्या खेपेला जाग आली तेव्हा ऊन घरात आलेलं. डेझी केस सोडून खिडकीत बसली होती, हातातली तेलाची बाटली उन्हाला धरून.

"मी दोनदा उठवलं," ती म्हणाली. "तुम्ही घड्याळ बघून म्हणालात, तीनच वाजलेत."

"ह्याला काय धाड भरलीय कळत नाही गो. तेलसुद्धा घातलं."

"कसलं तेल?"

मोर्देखायने बाटलीकडे बघितलं. आत तेल थिजून पांढरं झालं होतं.

"थंडीत खोबरेल थिजतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक," डेझी म्हणाली. "आणि म्हणे खानदानी हात."

बायको आजारी होती अशी थाप त्याने वाटेत तयार केली. पण शलोमोपुढे उभं राहिल्यावर लाजेने ती ओठांवर येईना. त्याने रुमालात गुंडाळून आणलेलं घड्याळ उघडून दाखवलं, आणि मोडक्या हिब्रूत आजे-पणजे, घाणा, खोबरेल, सगळं ओकून टाकलं.

शलोमो हसला नाही. घड्याळातली पांढरी साय त्याने नखाने खरवडली आणि मोर्देखायला दंडाला धरून मागांकडे नेलं. "हेही रोज सकाळी अडतात," तो म्हणाला. "पंधरा दिवस मी मिस्त्रीच्या नावाने बोंबलतोय."

मोर्देखायने मागाला बोट लावून तेल चोळलं. घट्ट होतं. "हे उन्हाळ्याचं," तो म्हणाला. "थंडीत पातळ पाहिजे."

त्या शुक्रवारी त्याला कागद मिळाला: नोकरी कायम. काम, मागांना तेल घालणे.

घरी येऊन त्याने तो डेझीला दोनदा वाचून दाखवला. हातांना अजून कोपरापर्यंत तेल होतं.

डेझी शब्बाथचा दिवा लावायला निघाली होती. "हात धुऊन या," ती म्हणाली. "उद्या घाणा बंद."