उर्वशी कुठं बोलते?

त्या सकाळी धुई अशी दाटली होती, की अंगणवाडीच्या दारातून समोरची बाभूळ दिसत नव्हती. दवानं कापूस ओला, म्हणून वेचणीच्या बायकाही अजून घरीच शेकत बसल्या होत्या. कौसल्येला मात्र धुईची सवलत नव्हती. दाराशी कोणीतरी बांधून ठेवलेली बकरी तिनं सोडली, लेंड्या झाडल्या, सतरंजी झटकली आणि पोरं गोळा करायला निघाली. आधी गाव, मग नाल्यापलीकडचा बंजाऱ्यांचा तांडा. अकरा वर्षं हाच फेरा.

या अकरा वर्षांत तिला एक खोड जडली होती. वरच्यांना पोराचं वजन हवं असायचं. ती पोरगंच पाहायची. कोण खडू कोणत्या हातानं धरतं, कोण भिंत धरून पायरी चढतं, कालपर्यंत भांडणारं कोण आज कोपरा धरून बसलंय. बारावी होण्याआधीच लग्न झालेलं, पुस्तकी शिक्षण तेवढंच. बाकी सगळं तिनं पोरांकडूनच उचललं होतं.

मदतनीस इंदुताई चुलीपाशी हसायची. "पोट्ट्याईकडे अशी काय पाहून राह्यली वं? सोयरीक जमवाची हाय काय?"

"तुही नातसून निवडून राह्यली," कौसल्या म्हणायची.

खिचडी इंदुताईच्याच हातची. गावातल्या चार घरांना बौद्धपुऱ्यातल्या बाईच्या हातचं चालत नव्हतं. त्याच घरांतली पोरं तिच्या मांडीवर मुतली तर चालत होतं.

उर्वशी तांड्यातल्या भीमसिंग राठोडची, चार वर्षांची. जागा पहिल्या रांगेत, ठरलेली. हातवाऱ्यांच्या गाण्यात तिच्या तोडीचं दुसरं पोर नाही. बाईचा हात अर्धा उचलला, की हिचा वर गेलेला. तोंडातून शब्द निघत नव्हता, पण त्याचं उत्तर कौसल्येनं कधीच ठरवून टाकलं होतं. तांड्यात घरी गोरबोली. पोरीला मराठी नवी. घरी बोलत असेल. तांड्यातली सगळीच पोरं सुरुवातीला गप्प असतात आणि मग एक दिवस धरण फुटल्यासारखी सुटतात. म्हणून वर्षभर दर तक्त्यात 'बोलते का' या रकान्यात तिनं 'होय' लिहिलं होतं. चार तक्ते, चार 'होय'.

साल कापसाच्या बोंबेचं. भाव पडलेले, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी जिल्ह्याचं नाव रोज पेपरात, आणि गावोगाव पाहणीच्या जीपगाड्या. त्या सकाळीही धुईतून एक जीप आली आणि अंगणवाडीच्या दारातच उभी राहून भोंगा वाजवायला लागली. पोरं किंकाळ्या मारत दाराकडे धावली. उर्वशी पाठमोरी बसून बाटल्यांची झाकणं रचत होती. ती रचतच राहिली.

जीप सरपंचाचं घर विचारून निघून गेली.  कौसल्येनं थाळी उचलली, पोरीच्या मागं जाऊन पळीनं बडवली. काही नाही. आणखी जोरात बडवली.

"डोकं फिरलं काय वं तुह्यं?" इंदुताई ओरडली.

उर्वशीनं झाकणावर झाकण ठेवलं. मग कौसल्येनं तिच्या अगदी जवळ पाय आपटला. पोरगी गर्रकन वळली आणि हसली.

 गाणं म्हणताना पायानं ठेका धरायची कौसल्येची सवय. पोरीनं वर्षभर तिचे हात पाहिले होते आणि पायाचा ठेका जमिनीच्या हादऱ्यातून अंगानं ओळखला होता. गाणं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

दुपारी ती शेतात गेली. उर्वशीची माय लालीबाई कापूस वेचत होती, कमरेला बांधलेला ओटा कापसानं फुगलेला.

"लालीबाई, उर्वशी घरी बोलते काय वं?"

"घरी कायची बोलते!" लालीबाई हसली. "तुमच्याजवळ दिवसभर मराठी बोलते अन् घरी आली का गोरबोली इसरते. सासू म्हणते, बाईनं पोरगी बिघडवली."

"तुले याडी म्हणते काय, नाही तं माय?"

बोंडातला हात बोंडातच राहिला. "तुमाले बाई म्हणते ना?"

कौसल्येनं मान हलवली, नाही. दोघी पऱ्हाटीत समोरासमोर उभ्या राहिल्या. हिला वाटत होतं पोरगी तिकडं बोलते, तिला वाटत होतं इकडं.

"तिले ऐकूच येत नाही, लालीबाई. कान तपासले पाह्यजे. यवतमाळले."

"म्या अडाणी बाई. तुमी तं शिकेल हा. वरीसभर कागदावर काय लिवलं मंग?"

कौसल्येनं खाली पडलेलं बोंड उचलून तिच्या ओट्यात टाकलं.

"गुरुवारी मुकादमाची गाडी हाय. ऊस तोडाले चाललो सारे," लालीबाई म्हणाली. "त्याच्या आधी झालं तं झालं. नाही तं आखाजीले."

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सहा महिन्यांवर. कौसल्या दुसऱ्या दिवशी एसटीनं तालुक्याला गेली. दवाखान्याची चिठ्ठी सुपरवायझर मॅडमच्या सहीनं निघते. मॅडमनी जुने तक्ते काढले.

"चार वेळा तुम्हीच 'बोलते' लिहून दिलंय. आता पाचव्यांदा मुकी झाली?"

"चूक माही हाय, मॅडम. लेखी घ्या."

"तुमच्या लेखीनं माझा अहवाल खोटा पडतो, बाई. जिल्ह्यात रोज वरून माणसं येताहेत. आत्ता नको. दिवाळी होऊ द्या."

"दिवाळीनंतर पोरगी गावात नसन."

"मग तर प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या आणि शेंगदाण्याची पुडी सोडली.

चिठ्ठीशिवायच सोमवारी तिनं मायलेकींना यवतमाळच्या गाडीत बसवलं. लालीबाईची वेचणी बुडाली. दवाखान्यात दोन तास रांग धरल्यावर खिडकीतल्या माणसानं सांगितलं, कानाची मशीन गुरुवारीच चालू असते.

परतीच्या एसटीत उर्वशी खिडकीला नाक लावून बसली होती. कौसल्या हळूच म्हणाली, "तिले माह्याजवळ ठेव, लालीबाई. मी दाखवतो. पोरीसारखी सांभाळीन."

 लालीबाई बाहेर पाहतच म्हणाली, "वरीसभर तुमच्याजवळच तं ठेवली होती."

गुरुवारी सकाळी ट्रक तांड्यावरून निघाला. वर भांडी, कोयते, कोंबड्या, माणसं. उर्वशी बोचक्यावर बसलेली. कौसल्या रस्त्याच्या कडेला दिसताच तिनं दोन्ही हात वर केले आणि अंगणवाडीतल्या चिमणीच्या गाण्याचे हातवारे सुरू केले, एकही न चुकता. कौसल्येनं हात उचलला, पण गाणं पुढं नेलं नाही. लालीबाईनं इकडं पाहिलं नाही. ट्रक वळणाआड गेला.

अंगणवाडीत इंदुताई वाट पाहत होती. "गेली?"

"गेली."

"घे मंग. तांदळात लई खडे हायेत आज, माह्या डोयाले दिसत नाही."

कौसल्येनं सूप मांडीवर ओढलं आणि खडे वेचायला लागली.