प्रार्थनेखालची गिटार

कराडजवळच्या ओगलेवाडीच्या स्टेशनामागं पत्र्याचं एक लांबट सभागृह आहे. पूर्वी ते पेंडीचं गोदाम होतं, त्यामुळं पावसाळ्यात अजूनही कोपऱ्यातून सरकीचा वास येतो. दर रविवारी तिथं पन्नास-साठ माणसं भक्तीला जमतात. पुढच्या बाजूला हार्मोनियम, तबला आणि गिटार. गिटार जयराज लोंढेची.

गाण्यांना तो वाजवायचाच. हार्मोनियमवाला "काळी एक" म्हणाला की जयराज गिटारच्या गळ्याला पहिल्या घरावर चिमटा लावायचा आणि सूर जुळवून घ्यायचा. पण त्याचं खरं काम गाणी संपल्यावर सुरू व्हायचं. पास्टर आवळे आजाऱ्यांसाठी प्रार्थना करायला उभे राहिले की हार्मोनियमचा भाता मिटायचा, तबल्यावर फडकं पडायचं आणि एकटी गिटार चालू राहायची. हळू, शब्दांच्या खाली, जमिनीखालच्या पाण्यासारखी.

"भाऊ, मी आमेन म्हणेपर्यंत हात थांबवायचा नाही," पास्टरांनी पहिल्याच रविवारी सांगितलं होतं. अकरा वर्षं जयराजनं तो नियम पाळला.

तो मूळचा साताऱ्याचा. तिथल्या जुन्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लाकडी बाकं होती, गीतपुस्तकं होती, आणि गिटार फक्त नाताळात, तीही तरुण संघाच्या हट्टामुळं, आत यायची. वडील म्हणायचे, "उभं राहून वाजवायचं वाद्य ते. देवापुढं बसून वाजवावं." जयराज सोळाव्या वर्षी गिटार शिकला, चाळिशीच्या आत कराडला आला आणि पाण्याच्या मोटारी भरून द्यायचं दुकान टाकलं. जळालेल्या मोटारीची जुनी तार काढायची, नवी भरायची. उजव्या हाताची बोटं तांब्याच्या तारेनं घट्ट झाली होती, डाव्या हाताची गिटारच्या तारांनी.

वाजवता वाजवता त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. पास्टरांचा आवाज चढायला लागला की तो एकेक तार छेडायचं सोडून सगळ्या तारांवरून हात फिरवायचा. उदास स्वर दोनदा फिरवून आणायचा आणि तिसऱ्या फेरीला अचानक उजळ स्वरावर उतरायचा. नेमक्या त्याच क्षणाला पुढच्या रांगेतली कुणीतरी बाई हुंदका द्यायची. मग दुसरी, मग सगळ्या.

तबल्यावर बिराप्पा असायचा. जत भागातला धनगर माणूस, दहा वर्षांपूर्वी येशूच्या विश्वासात आलेला, तोंडानं फटकळ.

"गड्या, तुज्या त्या तिसऱ्या फेऱ्याला माज्याबी डोळ्यात पानी येतंय," तो एकदा म्हणाला. "आनि मला झालंय काय म्हनावं, तर काय न्हाई. सकाळी तीन भाकरी खाऊन आलोय."

जयराज हसला होता. आपल्या हातात एवढं काही आहे, याचं त्याला मनातून बरंही वाटलं होतं.

नाताळ झाल्यावर पंधरा दिवसांनी त्याच्या बायकोच्या, मंगलच्या छातीत गाठ सापडली. हरभऱ्यापेक्षा थोडी मोठी. थोरली लेक रेश्मा सांगलीत एका दवाखान्यात नर्स होती. तिनं ओळखीनं मिरजेला तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, काढून टाकू, पुढची औषधं घ्या, बरं होईल. फेब्रुवारीतली अकरा तारीख मिळाली.

त्याच्या आठवडाभर आधी सभागृहात तीन दिवसांची उपास-प्रार्थना होती. तिसऱ्या दिवशी दुपारी पास्टरांनी आजाऱ्यांना पुढं बोलावलं आणि त्या रांगेत मंगल येऊन उभी राहिली.

जयराजला शब्दांत प्रार्थना कधी नीट जमली नाही. मोठ्यानं प्रार्थना करायची पाळी आली की तो अडखळायचा, घामाघूम व्हायचा. त्या दुपारी समोर बायको डोळे मिटून उभी होती आणि तिच्या डोक्यावर पास्टरांचा हात होता. जयराजनं जे काही मागायचं ते बोटांनी मागितलं. असं त्यानं आधी कधी वाजवलं नव्हतं. पहिली फेरी, दुसरी फेरी. तिसरीला मंगल गुडघ्यांवर कोसळली आणि उठली तेव्हा तिचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा झाला होता.

तिनं स्वतः माईक मागून घेतला. "मला आतून ऊब आली. दुखत हुतं त्ये थांबलं. गाठ न्हाई. येशूनं काढली."

पत्र्याखाली टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी ते मोबाईलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत मंगलची साक्ष इस्लामपूर, सांगली, जयसिंगपूर असं करत पार इचलकरंजीपर्यंत पोचली.

साक्ष म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही कळायचं नाही. देवानं माझ्यासाठी हे केलं, असं मंडळीसमोर एकदा म्हटलं की ते बोलणं आपलं राहत नाही. ते मागं घेणं म्हणजे देवाला खोटं पाडणं. असा नियम कुठं लिहिलेला नाही, पास्टरांनीही कधी सांगितला नाही, पण सगळ्यांना तो माहीत होता. मलकापूरच्या एका बाईनं साखर बरी झाल्याची साक्ष दिली होती. चार महिन्यांनी तिच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट पडलं, तेव्हा सतरंजीवर तिच्या शेजारच्या बायका हळूच सरकून बसल्या. सरकणाऱ्यांत मंगलही होती.

अकरा तारीख आली. मंगल मिरजेला गेली नाही.

"आई, वेड लागलंय का तुला? निदान एकदा तपासून तरी घे," रेश्मा फोनवर रडत होती.

"तपासायचं म्हंजे इस्वास न्हाई म्हनायचं. ठेव फोन."

जयराज रोज समजवायचा. मिरजेचे कागद तिच्यापुढं ठेवायचा, डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा पुन्हा सांगायचा. ती एकच उत्तर द्यायची.

"आवं, तुमीच वाजवत हुतासा न्हवं? मग?"

मग तो कागद उचलून परत पिशवीत ठेवायचा.

आणि मंगलचं सगळं बदललं होतं. जन्मभर ती शेवटच्या रांगेत, चपलांजवळ बसलेली बाई. आता तिला पुढं जागा ठेवत. गावोगावच्या बायका फोन करून म्हणत, ताई, माझ्यासाठी दोन शब्द मागा. ती स्वयंपाक टाकून, डोक्यावर पदर घेऊन, फोनवर प्रार्थना करायची. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण जयराजनं तिला इतकी ताठ चालताना कधी पाहिलं नव्हतं.

तो पास्टरांकडं गेला.

"मी कधी कुणाला औषध बंद करा म्हटलंय? सांगा भाऊ," पास्टर म्हणाले. ते खरंच होतं. त्यांच्या स्वतःच्या खिशात रक्तदाबाची गोळी असायची.

"मग तिला सांगा एकदा. तुमचं ऐकेल."

पास्टर म्हणाले, "तिनं विचारलं तर सांगीन. न विचारता कसं सांगू? तिच्या विश्वासाच्या आड मी आलो, असं होईल."

मंगलनं कधी विचारलं नाही.

मार्च गेला, एप्रिल गेला. दुकानात मोटार भरताना जयराजच्या डोक्यात एकच विचार फिरायचा. हे सगळं आपल्या गिटारनं केलं. तिला ऊब आली ती तिसऱ्या फेरीची ऊब होती. ज्या हातानं हे बांधलं त्याच हातानं ते सोडवलं पाहिजे. प्रार्थना चालू असताना गिटार थांबवायची. ती शांतता तिला ऐकू द्यायची. तिच्या अंगातून ती ऊब उतरेल, मग तिला विचारायचं.

मेच्या दुसऱ्या रविवारी त्यानं तसं केलं. ऊन एवढं होतं की पत्रा मधूनमधून कडकड वाजत होता. पास्टरांचा आवाज चढला, पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि जयराजनं तारांवर पंजा ठेवला.

पंख्याची घरघर एकदम मोठी झाली. पास्टर एका वाक्याच्या मध्यावर चाचपडले. कुणीतरी खोकलं. डोळे मिटलेल्या माणसांनी एकेक करून डोळे उघडले आणि सगळे गिटारकडं बघायला लागले.

"काय झालं रं? तार तुटली व्हय?" बिराप्पा कुजबुजला.

जयराज उभा राहिला. पुढच्या रांगेत बसलेल्या बायकोकडं बघून तो म्हणाला, "मंगल, आता सगळ्यांसमोर सांग. गाठ हाय का न्हाई?"

मंगलचा चेहरा आधी पांढरा पडला. मग ती पदर सावरून सावकाश उठली. माईक घेतला नाही. गिटार नव्हती, काहीच नव्हतं, तरी तिचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत गेला.

"न्हाई. देवानं काढली ती काढली. माज्या नवऱ्याचा इस्वास कमी पडतोय, त्येच्यासाठी समद्यांनी मागा."

आणि सगळ्यांनी मागितलं. साठ माणसं हात उंचावून जयराजसाठी प्रार्थना करत राहिली आणि तो मान खाली घालून मधोमध उभा राहिला. पास्टरांनी त्याला खूण केली. त्यानं गिटार उचलली आणि स्वतःसाठी चाललेल्या प्रार्थनेखाली तो वाजवत राहिला, आमेनपर्यंत.

बाहेर पडताना बिराप्पानं त्याचा दंड धरला. "गड्या, असं चारचौघांत इचारतात व्हय बायकोला?"

"घरी ऐकत नाही म्हणून विचारलं."

बिराप्पा काहीतरी म्हणणार होता, पण मंगल येताना दिसली, म्हणून त्यानं हात सोडला.

श्रावणात ती एका बाजूला खांदा पाडून चालायला लागली. आंघोळीला दार आतून लावून घ्यायची, लुगड्याच्या आत चिंध्या बांधायची. घरात एक वास यायला लागला, तो दोघांनीही नाकाला लागत नाही असं दाखवलं. शेवटी एका सकाळी तिला भाकरीचं पीठ मळवेना. हात वरच उचलेना. रेश्मा सांगलीहून आली, आईजवळ बसली, पदर बाजूला केला आणि तशीच उठून रिक्षा बोलवायला गेली.

मिरजेला त्याच डॉक्टरांनी तपासलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, आता कापून उपयोग नाही, हाडात गेलंय, दुखणं कमी राहील असं बघू.

रेश्मा ड्यूटीसाठी सांगलीला उतरली. पुढं पॅसेंजरमध्ये दोघंच. डब्यात गर्दी नव्हती. मंगल खिडकीला डोकं टेकवून बसली होती. भिलवडी गेल्यावर ती बोलली.

"आवं, त्या रविवारी मला म्हाईत हुतं."

"काय?"

"गाठ हुती त्ये. लिंबाएवढी झाल्ती. अंग धुताना रोज हाताला लागायची."

जयराज तिच्याकडं वळला. "मग तेव्हा 'न्हाई' असं का म्हणालीस?"

"साठ मानसांत इचारलंसा. साठ मानसांत दुसरं काय सांगनार मी? तिथं साक्षच निगती तोंडातनं."

"पण घरी मी रोज..."

"घरी दवाखान्याचं सांगत हुतासा. कागदाचं, डाक्टरचं. हाय का गं अजून, असं एकदाबी इचारलं न्हाईसा." तिनं डोळे मिटले. "मी वाट बगत हुते. रातीचा हात जरी लावला असतासा, तरी म्या सांगितलं असतं."

ताकारी आली, गेली. जयराज आठवत राहिला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. एकदाही नाही. आणि का नाही, हेही त्याला त्या लाकडी बाकावर बसल्या बसल्या कळलं. ती हो म्हणाली असती, तर जन्मात जे एकच मागणं त्यानं मनापासून वाजवलं होतं, ते वाया गेलं असतं. तिच्याइतकीच ती साक्ष त्यालाही हवी होती.

"मंगल," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या आता," ती म्हणाली. "मला पानी द्या."

ऑक्टोबरच्या शेवटी ती गेली. मयतीला सांगलीपासून माणसं आली. पास्टर चांगलं बोलले. तिच्या विश्वासाबद्दल बोलले, गाठीबद्दल बोलले नाहीत. मंडळीतल्या बायकांनी एकमेकींत ठरवून टाकलं की गाठ त्याच दिवशी गेली होती, हे दुसरंच काहीतरी झालं. जयराजनं कुणाला काही सांगितलं नाही.

तीन रविवार तो गेला नाही. चौथ्या रविवारी बिराप्पा घरी आला, "चल रं, नुसता बस," म्हणाला, आणि त्याला गाडीवर मागं बसवून घेऊन गेला.

जयराजनं गाणी वाजवली. गाणी संपल्यावर त्यानं गिटारच्या गळ्याचा चिमटा सोडवला, गिटार भिंतीला टेकवून ठेवली आणि हात मांडीवर घेऊन बसला. हे त्यानं घरूनच ठरवलं होतं. पुन्हा कुणाच्या प्रार्थनेखाली वाजवायचं नाही, कुणाच्या बायकोला आपल्या हातानं असं साक्षीला उभं करायचं नाही. पास्टरांनी एकदा त्याच्याकडं बघितलं आणि समजून घेतल्यासारखी मान हलवली. हार्मोनियमवाल्यालाही त्यांनी खूण केली नाही. त्यांनी तशीच प्रार्थना सुरू केली.

रांगेत पाच-सहा जण होते. गुडघेदुखीची एक म्हातारी, पोटाच्या विकाराचा एक माणूस, आणि तिशीतली एक तरुण बाई, जिनं छातीवर पदर घट्ट धरला होता. पास्टरांचा आवाज चढत गेला. जयराजच्या मनातल्या मनात पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसरीची जागा आली तेव्हा पत्र्याखाली एक सूरही नव्हता.

आणि म्हातारीनं हुंदका दिला. मग ती तरुण बाई. मग सगळ्या.

नेहमीसारख्याच रडल्या, नेहमीच्याच जागी. गिटार भिंतीला टेकलेली होती. रडायला त्यांना तिची गरज लागली नव्हती; मंगललाही कदाचित लागली नसेल.

त्या तरुण बाईनं डोळे पुसले आणि माईकसाठी हात पुढं केला. जयराज जागेवरून अर्धवट उठला. तिच्याजवळ जाऊन, हळू आवाजात, एकटीला काहीतरी विचारावं, असं त्याच्या मनात आलं. पण ती परक्या गावची होती, तिचं नावही त्याला ठाऊक नव्हतं, आणि तिचा नवरा शेजारीच उभा राहून टाळ्या वाजवत होता.

माईक तिच्या हातात गेला. जयराज खाली बसला.